साठी ओलांडल्यावर माईकसमोर बसले, आणि अब्दुल करीम खाँ घराघरांत पोहोचले

यूट्यूबवर उस्ताद अब्दुल करीम खाँ असं सर्च केलं की झिंझोटीतली एक ठुमरी हमखास वर येते. मागे रेकॉर्डची खरखर, पुढे बारीक, टोकदार आवाज. साडेतीन मिनिटांच्या आत गाणं संपतं. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी तरुण गवई असणार. पण त्यांच्या या गाजलेल्या रेकॉर्ड झाल्या तेव्हा खाँसाहेबांनी साठी ओलांडली होती. पुढे त्यांच्या एलपी, कॅसेट, सीडी निघाल्या, त्यांचा गाभा याच शेवटच्या काही वर्षांतल्या रेकॉर्डिंगचा.

तसे ते रेकॉर्डिंगला नवखे नव्हते. १९०५ च्या सुमारासही त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या होत्या. पण तेव्हा माईक नव्हता. गवयानं भोंग्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या जोरावर सुई हलायची. खाँसाहेबांची गायकी नेमकी याच्या उलट, हळुवार. १९२५ नंतर माईकवरचं रेकॉर्डिंग आलं आणि कुजबुजीएवढा सूरही टिपला जाऊ लागला. १९३० च्या दशकात ओडियनच्या लेबलवर त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या. तासभर आलापी करणाऱ्या माणसानं तीन मिनिटांत राग उभा केला. त्यात त्यागराजांची खरहरप्रियातली कृतीसुद्धा आहे. हिंदुस्थानी गवयानं त्या काळात कर्नाटक संगीत इतकं मनापासून शिकणं ही विशेषच गोष्ट.

त्यांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. आपण ज्याला किराणा घराणं म्हणतो ते याच गावावरून, वाणसामानाशी त्याचा काही संबंध नाही. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायला लागले. तिथं सरदार माने यांच्या कन्या ताराबाई आणि खाँसाहेब यांचं जमलं. मुसलमान गवई आणि मराठा सरदाराची मुलगी, त्या काळात हे पचणारं नव्हतं. दोघांनी बडोदा सोडलं आणि संसार महाराष्ट्रात थाटला. १९१३ मध्ये पुण्यात खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. सवाई गंधर्व त्यांच्याकडेच तयार झाले. सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स श्रुती मोजायला बसले, तेव्हा गळा खाँसाहेबांचा होता.

मग संसार मोडला. ताराबाई पाचही मुलांना घेऊन निघून गेल्या. मुलांची नावं बदलली, वडिलांचं नाव मागं पडलं. आज आपण त्यांना सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कृष्णराव माने, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे म्हणून ओळखतो. किराण्याची तालीम हिराबाईंनी पुढे घेतली ती वडिलांकडे नाही, अब्दुल वहीद खाँकडे. त्या महाराष्ट्राच्या लाडक्या गायिका झाल्या तेव्हा खाँसाहेब हयात होते. दुसरीकडे रोशन आरा बेगमना मात्र त्यांनी स्वतः शिकवलं. घरात झालं ते कुणाच्या चुकीनं, हे आता ठरवण्यात अर्थ नाही. पण त्या रेकॉर्डमधला करुण स्वर ऐकताना हा तपशील आठवतोच.

मिरजेत ते स्थिरावले. तंबोऱ्यांचं गाव, त्यात वाद्यं दुरुस्त करण्यात खाँसाहेबांचा स्वतःचाही हात चांगला.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासचे कार्यक्रम आटोपून ते पाँडिचेरीला निघाले. वाटेत छातीत कळ आली. सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. सांगतात ते असं, की त्यांनी प्लॅटफॉर्मवरच तंबोरा लावायला सांगितला, गात गात प्रार्थना केली आणि २७ ऑक्टोबरला तिथंच प्राण सोडला. दफन मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात झालं.

रेकॉर्ड वाजतच राहिल्या. गदगमध्ये लहानग्या भीमसेन जोशींच्या कानावर खाँसाहेबांची झिंझोटी पडली आणि गाणं शिकायचं म्हणून पोरानं घर सोडलं. फिरत फिरत ते शेवटी पोहोचले कुंदगोळला, खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्वांच्या दारात. मिरजेच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते, ती आजही.