इब्नुल हैसम : अंधाऱ्या खोलीतील सत्यशोधक

अबू अली अल-हसन इब्नुल हैसम यांचा जन्म इ.स. 965 (हिजरी 354) च्या सुमारास इराकमधील बसरा येथे झाला. नाईल नदीच्या पाण्याचे नियमन करता येईल, असे त्यांचे मत इजिप्तचा फातिमी शासक अल-हाकिम याच्या कानी गेले. त्याने त्यांना कैरोला बोलावून या कामगिरीवर अस्वानच्या दक्षिणेस पाठविले. वाटेत प्राचीन मिसरवासीयांची भव्य बांधकामे पाहून त्यांना वाटले की, हे काम शक्य असते तर इतक्या निष्णात लोकांनी ते केव्हाच केले असते. प्रत्यक्ष जागा पाहिल्यावर त्यांची खात्रीच पटली. परत येऊन त्यांनी आपली चूक कबूल केली. लहरी सत्ताधीशापुढे ही कबुली जिवावर बेतणारी होती. चरित्रकार सांगतात की, पुढे त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि 1021 मध्ये हाकिमचा अंत होईपर्यंत ते नजरकैदेत राहिले. त्यानंतर अल-अजहरजवळ राहून, युक्लिड व टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून त्यांनी चरितार्थ चालविला.

परंतु ज्यांचे ग्रंथ ते उतरवीत, त्यांनाही त्यांनी प्रमाणाविना स्वीकारले नाही. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून वस्तू दिसते, असे हे दोघे मानीत. ‘किताबुल मनाजिर’ या सात खंडांच्या ग्रंथात इब्नुल हैसम यांनी वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो, हे प्रयोगांनी मांडले. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर त्यांनी अनेक दिवे ठेवले. आतील भिंतीवर तितकेच प्रकाशाचे ठिपके उमटले. एक दिवा झाकताच त्याचाच ठिपका नाहीसा झाला. अर्थात प्रकाश सरळ रेषेत जातो आणि छिद्रात एकत्र येऊनही किरण परस्परांत मिसळत नाहीत.

हा प्रयोग आजही कोणत्याही वर्गात करता येतो. काळोखी खोली, छिद्र पाडलेला पुठ्ठा आणि तीन टॉर्च एवढे पुरे. डावा टॉर्च झाकला की उजवा ठिपका का जातो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे.

इ.स. 1040 च्या सुमारास कैरोत त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये जाऊन शतकानुशतके युरोपात अभ्यासला गेला. आपण मात्र त्यांचे नाव अभिमानाने घेतो आणि मुलांना उत्तरे पाठ करायला लावतो. पवित्र कुरआन सृष्टीकडे पाहण्याचे व विचार करण्याचे वारंवार आवाहन करतो. ते आवाहन स्वीकारणे आणि चूक कळताच ती मान्य करणे, हाच त्यांचा खरा वारसा आहे. अल्लाह आपल्या मुलांना तो लाभवो. आमीन.