बंद दारांवरचे ‘लॅन्सेट’

वैद्यकीय ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आज संशोधनपत्रिकांच्या भरमसाट वर्गण्यांमुळे चर्चेत असला तरी तो जुना आहे. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका तरुण डॉक्टरने त्यावर न्यायालयात झुंज दिली होती. ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकाचे संस्थापक थॉमस वॅकली हे ते डॉक्टर.

वॅकली यांचा जन्म 11 जुलै 1795 रोजी इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. 1815 मध्ये ते लंडनला आले आणि दोन वर्षांत शल्यचिकित्सकाची सनद घेऊन व्यवसायास लागले. 1820 मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी मे महिन्यात सरकार उलथवण्याचा कट रचणाऱ्या पाच जणांना लंडनमध्ये फाशी देऊन त्यांची शिरे धडावेगळी करण्यात आली. हे काम करणारा बुरखाधारी माणूस म्हणजे वॅकलीच, अशी निराधार अफवा उठली. ऑगस्टमध्ये त्यांच्या घरावर हल्ला झाला, त्यांना मारहाण झाली आणि घर जळून गेले. आग त्यांनीच लावली असावी, असा संशय घेऊन विमा कंपनीने पैसे नाकारले. वॅकली न्यायालयात गेले आणि जिंकले; पण जम बसू लागलेला व्यवसाय मोडला तो मोडलाच.

या पडत्या काळात त्यांची ओळख जहाल पत्रकार विल्यम कॉबेट यांच्याशी झाली. लंडनच्या मोठ्या रुग्णालयांतील जागा त्या वेळी मोजक्या घराण्यांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या हाती होत्या. त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी विद्यार्थ्यांना भारी शुल्क मोजावे लागे आणि हजेरीच्या दाखल्याखेरीज सनद मिळत नसे. खेड्यापाड्यांत रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांपर्यंत ते ज्ञान पोहोचण्याची सोयच नव्हती.

5 ऑक्टोबर 1823 रोजी ‘लॅन्सेट’चा पहिला अंक निघाला. किंमत सहा पेन्स. लॅन्सेट म्हणजे शस्त्रक्रियेची धारदार सुरी आणि प्रकाश आत घेणारी उंच, टोकदार खिडकीही. अंकाच्या आरंभी नामवंत शल्यचिकित्सक सर ॲस्टली कूपर यांचे व्याख्यान होते, तेही त्यांच्या परवानगीविना. कूपर यांनी आपले नाव वगळण्याच्या अटीवर छपाईला मान्यता दिली. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे जॉन ॲबरनेथी मात्र 1824 मध्ये न्यायालयात गेले.

त्यांची बाजू लंगडी नव्हती. आयुष्यभराच्या अभ्यासातून सिद्ध केलेले व्याख्यान दुसऱ्याने छापून विकावे, हे कोणालाही खटकावे. वॅकली यांचे उत्तर असे, की सार्वजनिक रुग्णालयात अधिकारपदावरून दिलेले व्याख्यान हे खासगी धन नव्हे. लॉर्ड एल्डन यांनी 1825 च्या जूनमध्ये छपाईस मनाई केली. विद्यार्थ्याने टिपणे स्वतःसाठी घ्यावीत, नफ्यासाठी छापू नयेत, असा त्या निर्णयाचा आशय होता. पण त्याच वर्षी ही मनाई उठली आणि व्याख्याने पुन्हा छापली जाऊ लागली.

पुढे वॅकली यांनी रुग्णालयांतील चुकाही वेशीवर टांगल्या. 1828 मध्ये कूपर यांच्या पुतण्याने केलेली मूतखड्याची शस्त्रक्रिया तासभर लांबली आणि रुग्ण दगावला. त्याचा जळजळीत वृत्तांत छापल्याबद्दल दोन हजार पौंडांचा दावा झाला. ज्यूरीने दिले शंभर पौंड. वॅकली यांचा खर्च लोकांनी वर्गणी काढून भागवला. त्यांची लेखणी अनेकदा बोचरी आणि एकांगी असे, हेही खरे.

1835 ते 1852 या काळात ते संसदेत फिन्सबरीचे प्रतिनिधी होते. वृत्तपत्रे महाग करणाऱ्या मुद्रांक कराला त्यांनी विरोध केला. तसाच ग्रंथस्वामित्वाची मुदत वाढवणाऱ्या विधेयकालाही. ते विधेयक 1842 मध्ये संमत झाले. 1839 पासून ते मिडलसेक्सच्या पश्चिम भागाचे मृत्युसमीक्षक होते. फटक्यांच्या शिक्षेनंतर दगावलेल्या एका सैनिकाच्या मृत्यूची त्यांनी 1846 मध्ये केलेली चौकशी विशेष गाजली. 1851 पासून ‘लॅन्सेट’ने अन्नपदार्थांची तपासणी करून भेसळ करणाऱ्या दुकानदारांची नावे छापली; 1860 मध्ये ब्रिटनमध्ये भेसळविरोधी कायदा झाला. 16 मे 1862 रोजी मदेरा बेटावर वॅकली यांचे निधन झाले.

‘लॅन्सेट’ पुढे जवळजवळ अर्धशतक त्यांच्या मुलांकडे राहिले. 1991 मध्ये ते एल्सविअर या बड्या प्रकाशनसंस्थेकडे गेले. आज त्यातील काही लेख सर्वांना मोफत वाचता येतात, उरलेल्यांसाठी पैसे मोजावे लागतात. एल्सविअरसह तीस प्रकाशकांच्या पत्रिका सरकारी शिक्षणसंस्थांना वाचता याव्यात म्हणून भारत सरकारने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्याची त्यामुळे सोय झाली; तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर त्या योजनेबाहेरच राहिला. वॅकली यांनी सहा पेन्सांचा अंक काढला होता, तो अशाच डॉक्टरसाठी.