श्रवणाचे गूढ उकलणारा संशोधक : जॉर्ज फॉन बेकेशी

चर्चच्या घंटेचा गंभीर नाद आणि तान्ह्या बालकाचा तीक्ष्ण टाहो यांतील फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. मात्र हा फरक कान नेमका कसा ओळखतो, हे विज्ञानाला दीर्घकाळ कोडेच होते. ते सोडविण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, तो संशोधक मूळचा वैद्य नव्हता. तो टपाल खात्यात नोकरी करणारा भौतिकशास्त्रज्ञ होता.

जॉर्ज फॉन बेकेशी यांचा जन्म ३ जून १८९९ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. वडील राजनैतिक सेवेत असल्याने त्यांचे बालपण म्युनिक, कॉन्स्टँटिनोपल, झुरिक अशा निरनिराळ्या शहरांत गेले. बर्न येथे रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन १९२३ साली त्यांनी बुडापेस्ट विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. पहिल्या महायुद्धाने हंगेरी खिळखिळा झाला होता. संशोधनास योग्य साधने टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत होती, कारण दूरध्वनीची व्यवस्था तेथून पाहिली जाई. बेकेशी तेथे रुजू झाले.

दूरध्वनीचा कोणता भाग सुधारावा, हा तेथील व्यावहारिक प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना बेकेशींच्या मनात दुसरा प्रश्न उभा राहिला : ज्या कानासाठी हे यंत्र बनवायचे, तो कान स्वतः कसे काम करतो? मग मृत व्यक्तींच्या कानांचे अवशेष मिळवून ते त्यांचा अभ्यास करू लागले. खात्याच्या कार्यशाळेतील छिद्रयंत्रावर सकाळी हाडाचा भुगा आढळल्याने कारागीर कुरकुर करीत, असे सांगितले जाते. तरीही त्यांचे काम थांबले नाही.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखाप्रमाणे वेटोळे घेतलेली, द्रवाने भरलेली एक नळी असते. तिला कर्णशंख म्हणतात. उलगडली तर तिची लांबी जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या आत एक नाजूक पडदा असतो. या पडद्यातील तंतू पियानोच्या तारांप्रमाणे वेगवेगळे झंकारत असावेत, असे एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने मांडले होते. बेकेशींनी हे डोळ्यांनी पाहावयाचे ठरविले. पाण्याखाली कर्णशंखाला सूक्ष्म छिद्र पाडून त्यांनी आत चांदीचे बारीक कण टाकले आणि लुकलुकणाऱ्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण केले. त्यांना वेगळेच दृश्य दिसले. पडद्याच्या मुळापासून एक लाट निघते, पुढे सरकत वाढते, एका ठिकाणी सर्वांत उंच होते आणि मग विरून जाते. उंच स्वराची लाट मुळाजवळच उंचावते, खर्जाची शंखाच्या टोकाजवळ. म्हणजे आवाजाची उंची पडद्यावरील जागेवरून ओळखली जाते. या निष्कर्षांचे प्रकाशन १९२८ पासून सुरू झाले.

दुसऱ्या महायुद्धात बुडापेस्टवर संकट कोसळले. १९४६ मध्ये बेकेशी स्वीडनला गेले आणि तेथे त्यांनी श्रवणमापनाचे नवे यंत्र तयार केले. रुग्णाने स्वतः बटण दाबून आपली ऐकण्याची मर्यादा कागदावर रेखाटावी, अशी त्याची रचना होती. १९४७ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात आले. तेथे त्यांनी कर्णशंखाची मोठी प्रतिकृती बनविली. माणसाने तिच्यावर हात टेकवला की लाट सबंध हाताखालून जाई, पण स्पर्श मात्र एकाच जागी जाणवे! १९६१ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

मात्र त्यांचे चित्र अपुरे होते. मृत कानातील हालचाल दिसावी म्हणून त्यांना अतिशय मोठा आवाज वापरावा लागे. त्यात लाटेचा उंचवटा पसरट दिसे. जिवंत कान त्याहून कितीतरी तल्लख असतो, हे १९७१ नंतरच्या संशोधनाने उघड झाले. त्यातील केशपेशी स्वतः हालून क्षीण आवाजाला बळ देतात. १९७८ साली लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी तर कान स्वतःही मंद ध्वनी बाहेर टाकतो, असे दाखवून दिले. नवजात बालकांची श्रवणचाचणी आज याच ध्वनीच्या आधारे घेता येते.

म्हणून बेकेशींचे काम वाया गेले असे नव्हे. स्वर आणि जागा यांचे त्यांनी पाहिलेले नाते टिकून आहे. कर्णबधिर बालकाच्या कर्णशंखात आज विद्युत्-तार बसवितात, तेव्हा मुळाजवळील टोकांकडे उंच स्वर आणि आतील टोकांकडे खालचे स्वर सोपविले जातात.

बेकेशी अविवाहित राहिले. कलावस्तूंचा त्यांना मोठा व्यासंग होता. आपला संग्रह त्यांनी नोबेल प्रतिष्ठानला दिला. १९६६ पासून ते हवाई विद्यापीठात संशोधन करीत होते. १३ जून १९७२ रोजी होनोलुलू येथे त्यांचे निधन झाले. ज्या मृतांच्या कानांतून त्यांनी श्रवणाचे ज्ञान मिळविले, त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. पण एखादे कर्णबधिर मूल प्रथमच आईच्या हाकेला वळून पाहते, तेव्हा त्या अनामिकांचेही ऋण आपण मानले पाहिजे.