कै. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत आपल्या कुळाचा व पूर्वजांचा गौरव व्हावा, हा परिपाठच आहे. महर्षी शिंद्यांचे चरित्र मात्र कुलाभिमानाच्या चौकटीत बसविणे कठीण. कारण उच्चनीचभाव माणसांच्या मनात रुजतो कसा, याचा शोध घेण्यातच त्यांचे आयुष्य वेचले गेले.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे एका मराठा कुटुंबात झाला. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजातील शिक्षण, प्रार्थनासमाजाची ओढ आणि १९०१ ते १९०३ ऑक्सफर्ड येथे तौलनिक धर्माचे अध्ययन, हा पूर्वार्ध सर्वश्रुत आहे. स्वदेशी परतल्यावर त्यांनी अस्पृश्यांविषयीचे शिरगणतीचे आकडे अभ्यासिले. परंतु आकड्यांवर त्यांचे समाधान झाले नाही. १९०५ साली नगरजवळील भिंगार येथे अस्पृश्य बांधवांच्या सभेस जाऊन त्यांची दुःखे त्यांनी त्यांच्याच मुखाने ऐकली. पुढे १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन झाली. शाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली. पण बाहेर समतेवर व्याख्यान देणे सोपे आणि घरच्या पंगतीत ती आणणे अवघड, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. भगिनी जनाक्का व घरची इतर मंडळी या कार्यात उतरली, हे म्हणूनच मोठे.

त्यांची जिज्ञासा एवढ्यावर थांबली नाही. अस्पृश्यता केवळ चातुर्वर्ण्यातून उपजली काय? १९२७ साली ते ब्रह्मदेशात गेले. तेथे बौद्ध धर्म, जातिभेदाचा गंधही नाही अशी सर्वांची समजूत. तरीही पॅगोड्यांच्या सेवेस वंशपरंपरेने बांधलेले दास तेथे बहिष्कृत मानले जात. हे पाहून त्यांनी केवळ धर्मग्रंथांकडे बोट दाखविले नाही; जातींच्या नावांची व्युत्पत्ती, वसतिस्थाने, राजकीय जयापजय यांचाही मागोवा घेतला. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील काही व्युत्पत्ती आज टिकणार नाहीत. त्यांनी घालून दिलेली शोधाची रीत मात्र टिकली आहे.

उत्तरायुष्य एकाकी गेले. १९२३ साली त्यांनी मिशनची सूत्रे सोडली. आपल्या दुःखाचा अर्थ आपणच सांगावा, त्यासाठी वरिष्ठ जातीचा मध्यस्थ नको, ही जाणीव अस्पृश्य समाजात तेव्हा बळावत होती. राजकीय प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर डॉ. आंबेडकरांशी त्यांचा मतभेद झाला तो याच ठिकाणी. इकडे स्वजातीयांतही त्यांना पुष्कळ जण परकेच मानीत. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले.