बियाण्याचे मडके

दुष्काळातही आमची आजी बियाण्याच्या मडक्याला कुणाला हात लावू देत नसे. सी. सुब्रमण्यम यांच्याविषयी वाचताना मला तिची आठवण होते.

कोइमतूर जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात १९१० साली जन्मलेले सुब्रमण्यम १९६४ मध्ये केंद्रात अन्न व शेतीमंत्री झाले. देश तेव्हा अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर अवलंबून होता. त्यातच १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. खाण्यापुरते धान्य आणून भागणार नाही, पेरायला चांगले बी हवे, हे त्यांनी ओळखले. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे विकत आणले गेले. परकीय चलनाची चणचण असताना हा खर्च पुष्कळांना खुपला. त्या गव्हाला खतपाणीही फार लागे. सुब्रमण्यम यांनी दिल्लीतील आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर तो पेरून दाखवला.

१९६७ च्या निवडणुकीत ते पडले. १९६८ साली गव्हाचे विक्रमी पीक आले, तेव्हा ते मंत्री नव्हते. पुढे १९९० ते १९९३ ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. २००० साली ते वारले.

पेरणाऱ्याच्या वाट्याला कापणी येईलच असे नाही. आजीला हे ठाऊक होते; तरी ती मडके राखीत असे.