फ्रॉन्टिनस : रोमच्या पाण्याचा जमाखर्च तपासणारा अधिकारी



रोमन जलवाहिन्या म्हटलं की पुस्तकातलं एकच चित्र डोळ्यांसमोर येतं, उंच दगडी कमानींची लांबच लांब रांग. वर्गात हे चित्र दाखवलं की मुलं विचारतात, हे कोणी बांधलं? पण बांधून झाल्यावर सांभाळलं कोणी, आणि आलेलं पाणी कोणाला किती मिळतं यावर लक्ष कोणाचं होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की एक नाव समोर येतं : सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस. मुलांना त्याची गोष्ट जरूर सांगा. इतिहास, विज्ञान आणि गणित हे तिन्ही विषय तिच्यात एकत्र येतात.

सेनापती ते पाणी अधिकारी

फ्रॉन्टिनसच्या बालपणाबद्दल फारशी माहिती मिळत नाही. त्याचा जन्म साधारण इ.स. ३५ ते ४० च्या दरम्यानचा मानतात. इ.स. ७० मध्ये तो रोम शहराचा प्रेटर, म्हणजे न्यायदान पाहणारा मोठा अधिकारी होता. पुढे तो कॉन्सल झाला. त्यानंतर त्याला ब्रिटन प्रांताचा राज्यपाल म्हणून पाठवलं. तिथे, आजच्या वेल्सच्या दक्षिण भागात, सिल्युरेस नावाच्या लढाऊ जमातीला त्याने रोमच्या अंमलाखाली आणलं. युद्धातल्या डावपेचांवर त्याने एक पुस्तकही लिहिलं.

एवढी मोठी पदं भूषवलेल्या माणसाला इ.स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमलं. तेव्हा त्याचं वय साठीच्या आसपास होतं. या वयात आणि या मानाच्या माणसाने नुसत्या सह्या केल्या असत्या तरी चाललं असतं. हाताखाली जाणकार माणसं होतीच की! पण त्याचं मत असं होतं, की अधिकाऱ्याने हाताखालच्यांच्या सल्ल्यावर विसंबून काम चालवणं लाजिरवाणं आहे. म्हणून तो आधी स्वतः शिकायला बसला. शिकता शिकता जे कळलं ते लिहून ठेवलं, मुख्यतः स्वतःच्याच उपयोगासाठी. त्या टिपणांचंच रोमच्या जलवाहिन्यांवरचं पुस्तक झालं.

नऊ वाहिन्या

त्याच्या काळात रोमला नऊ जलवाहिन्या पाणी आणत होत्या. सर्वांत जुनी ॲप्पिया, इ.स.पू. ३१२ ची. सर्वांत नव्या दोन, क्लॉडिया आणि ॲनिओ नोव्हस, इ.स. ५२ मध्ये पूर्ण झाल्या. इ.स.पू. १४४ मध्ये सुरू झालेली मार्सिया सुमारे ९१ किलोमीटर लांब होती.

इथे मुलांना एक गंमत सांगा. मार्सियाच्या या ९१ पैकी सुमारे ८० किलोमीटर पाट जमिनीखालून जायचा. कमानी लागायच्या त्या मुख्यतः शहराजवळ, सखल भाग ओलांडताना. पंप नव्हते. उगमापासून शहरापर्यंत हलका उतार राखायचा, आणि पाणी आपल्या वजनाने वाहत यायचं.

फ्रॉन्टिनसने या वाहिन्यांचे नकाशे करून घेतले. कुठे दरी आहे, कुठे नदी आहे, कुठे डोंगराच्या कुशीतून पाट गेलाय, हे त्याला बसल्या जागी दिसायला हवं होतं. पण नकाशावर तो थांबला नाही. उगमापर्यंत जाऊन त्याने मोजमाप केलं.

जमा कमी, खर्च जास्त!

पाणी मोजायचं त्याचं एकक होतं क्विनेरिया, म्हणजे सव्वा बोट व्यासाच्या नळीतून जाणारं पाणी. (रोमन बोट म्हणजे बोटाची रुंदी. सव्वा बोट म्हणजे सुमारे २.३ सेंटीमीटर.)

सरकारी वह्यांत लिहिलं होतं की वाहिन्यांतून एकूण १२,७५५ क्विनेरिया पाणी येतं. त्याच वह्यांत वाटपाचा आकडा होता १४,०१८. आलेल्या पाण्यापेक्षा वाटलेलं पाणी १,२६३ ने जास्त! घरातला जमाखर्च असा निघाला तर आपण काय म्हणू? कुठेतरी गडबड आहे.

मग त्याने उगमापाशी मोजलं, तर वहीतल्यापेक्षा सुमारे १०,००० क्विनेरिया पाणी जास्त निघालं. म्हणजे पाण्याचा तुटवडा नव्हताच. पाणी वाटेत जिरत होतं. कुठे? त्याने शोधून काढलेले प्रकार असे :

१. वाहिनीच्या कडेचे जमीनमालक पाटाला भोक पाडून बागांना पाणी घेत होते.

२. पाणी खात्याचे कामगारच शहरातल्या रस्त्यांखालून चोरनळ्या टाकून पाणी विकत होते. फ्रॉन्टिनसने या नळ्या उपटल्या तेव्हा ढीगभर शिसं हाती आलं.

३. पाण्याचा हक्क एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला की हौदाला नवं भोक पाडायचं आणि जुनं तसंच ठेवायचं. त्या जुन्या भोकाचं पाणी विकायला मोकळं.

४. मापातच खोट. ज्या मोठ्या नळ्यांनी पाणी घ्यायचं त्या ठरल्यापेक्षा मोठ्या, आणि ज्या नळीने लोकांना द्यायचं ती ठरल्यापेक्षा बारीक. घेताना मोठं माप, देताना छोटं!

यात नुकसान कोणाचं होत होतं, हे मुलांना विचारा. श्रीमंतांच्या घरी सम्राटाच्या परवानगीने नळी यायची. बाकीचं शहर रस्त्यावरच्या सार्वजनिक हौदांवर घागरी भरायचं. चोरनळी लागली की त्या हौदाची धार बारीक व्हायची.

त्याने काय केलं?

हौदाला जोडायची तोंडाची नळी काशाचीच हवी आणि तिच्यावर शिक्का हवा, या नियमाकडे त्याने काटेकोर लक्ष दिलं. काशाचीच का? शिसं मऊ, ठोकून रुंद करता येतं. कासं सहजासहजी वाकत नाही. या नळीच्या पुढेही पहिले पन्नास फूट तेवढ्याच मापाची नळी लावायची, असा नियम होता. सगळ्या नळ्या एका पातळीत बसवायच्या, कारण खाली बसवलेली नळी जास्त पाणी ओढते.

खात्यात ७०० गुलाम कामगार होते. हौद राखणारे, फरसबंदी करणारे, गिलावा करणारे. मुलांपासून हे लपवू नका : रोमच्या पाण्याचं वैभव या माणसांच्या सक्तीच्या श्रमावर उभं होतं. वरिष्ठ त्यांना भलत्याच खासगी कामांना जुंपत असत. फ्रॉन्टिनसने त्या दिवशी कोणी काय करायचं हे आदल्या दिवशी ठरवून देणं आणि झालेल्या कामाची रोज नोंद ठेवणं सुरू केलं.

पाण्याच्या प्रतीचाही त्याने विचार केला. मार्सियाचं थंड, स्वच्छ पाणी हमामखान्यांत आणि कपडे धुण्याच्या कारखान्यांतही वापरलं जात होतं. ते पिण्यासाठी राखायचं आणि ॲनिओ व्हेटसचं गढूळ पाणी बागांना द्यायचं, अशी वाटणी झाली. बहुतेक सार्वजनिक हौदांना दोन वेगवेगळ्या वाहिन्यांचं पाणी जोडलं, म्हणजे एक बंद पडली तरी हौद कोरडा पडणार नाही.

त्याला न सुटलेलं गणित

फ्रॉन्टिनसचं मोजमाप बिनचूक होतं का? नाही. तो पाटाच्या किंवा नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ मोजायचा. पण किती पाणी गेलं हे वेगावरही अवलंबून असतं. जोरात वाहणारं पाणी जास्त भरतं हे त्याच्या लक्षात आलं होतं, त्याने तसं नोंदवलंही. पण वेग हिशेबात कसा धरायचा हे त्याला जमलं नाही. म्हणूनच एक क्विनेरिया म्हणजे किती लिटर, हे आजही ठामपणे सांगता येत नाही आणि चोरीचा त्याचा आकडाही तंतोतंत मानता येत नाही. तरीही वहीतला आकडा मोजून पडताळायचा, ही त्याची सवय बरोबरच होती.

वर्गात करून पाहा : एका बादलीला सारख्या उंचीवर दोन भोकं पाडा, एकाचा व्यास दुसऱ्याच्या दुप्पट ठेवा. दोन्हींतून येणारं पाणी मोजा. दुप्पट येईल असं बहुतेक मुलं म्हणतील, येईल जवळपास चौपट. मग भोक खालच्या बाजूला पाडून पाहा. वेगाचा मुद्दा फळ्यावर न लिहिताच कळेल.

नंतर

इ.स. ९८ आणि १०० मध्ये फ्रॉन्टिनस पुन्हा कॉन्सल झाला. दुसऱ्या वेळी त्याचा जोडीदार खुद्द सम्राट ट्राजान होता. साधारण इ.स. १०३ च्या सुमारास तो वारला. आपल्यासाठी स्मारक उभारू नका, असं त्याने सांगून ठेवलं होतं. आयुष्य त्या लायकीचं असेल तर आठवण राहीलच, असा त्याचा विचार होता.

त्याचं पुस्तक पुढे विस्मरणात गेलं. १४२९ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी या विद्वानाला त्याची हस्तलिखित प्रत इटलीतल्या मोंते कास्सिनो मठात सापडली. रोमच्या जलवाहिन्यांबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातला मोठा भाग या एका पुस्तकातून आलेला आहे. कमानी बऱ्याच ढासळल्या. पाण्याचा हिशेब मात्र पानांवर टिकून राहिला, कारण एका अधिकाऱ्याने आपलं काम स्वतः समजून घेऊन लिहून ठेवलं होतं.