माणूस जन्माला येतो कशासाठी? धर्मानंद कोसंबींचा शोध

माणूस जन्माला येतो तो कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक धर्माने आपापल्या परीने दिले आहे. ईश्वर मानणाऱ्या धर्मांनी सांगितले की, ज्याने निर्माण केले त्याची भक्ती करण्यासाठी. ब्राह्मणी परंपरेने धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष असे चार पुरुषार्थ मांडले. पण मनुस्मृतीने शूद्राला वरच्या तीन वर्णांची सेवा हे एकच काम नेमून दिले. म्हणजे जगण्याचा हेतूसुद्धा वर्णाप्रमाणे वाटला गेला! आमच्या बापजाद्यांनी गावकुसाबाहेर शतकानुशतके जे भोगले, ते या वाटणीतूनच.

तथागत बुद्धांनी निर्माणकर्ता मानला नाही, त्यामुळे त्याने ठरवून दिलेला हेतूही मानला नाही. मग बौद्ध धम्मात मानवी जीवनाचे प्रयोजन काय? हा प्रश्न ज्यांनी पोथ्यांच्या मुळाशी जाऊन तपासला, त्या धर्मानंद कोसंबी यांच्या आयुष्याकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. शालेय शिक्षण बेताचेच. ‘बालबोध’ मासिकात बुद्धचरित्र वाचले आणि या माणसाच्या मनाने ठाव सोडला. १८९९ साली पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. या गृहत्यागाची किंमत बाळाबाईंनी मोजली, हे विसरून चालणार नाही. पुणे, ग्वाल्हेर करीत ते काशीला गेले आणि तेथे हालअपेष्टा सोसून संस्कृत शिकले. पण बुद्धाच्या देशात बुद्धाचा धम्म शिकवणारा कोणी भेटेना. नेपाळ, गया, कलकत्ता असा प्रवास करीत ते श्रीलंकेत पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडून १९०२ साली त्यांनी दीक्षा घेतली आणि पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

परत आल्यावर कलकत्त्यात त्यांना पाली शिकवण्याची चांगली जागा मिळाली. परंतु हे ज्ञान आपल्या मराठी माणसांपर्यंत जावे, या तळमळीने त्यांनी ती सोडली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर महाराष्ट्रात राहणे पत्करले. याच सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. पुढे धर्मानंद हार्वर्डला गेले आणि ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधनावर वर्षानुवर्षे खपले. ती आवृत्ती मात्र त्यांच्या मृत्यूनंतर १९५० साली निघाली. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. १९२९ साली रशियात लेनिनग्राडला गेले आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. परळच्या गिरणगावात त्यांनी कामगार व अस्पृश्य वस्तीसाठी विहार उभारला आणि त्याचे नाव ठेवले ‘बहुजन विहार’. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर कोसंबी हे त्यांचेच चिरंजीव.

पण त्यांचे सर्वात मोठे काम आम्ही मानतो ते ‘भगवान बुद्ध’ हे १९४०-४१ साली निघालेले पुस्तक. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिले आणि मध्यरात्री गुपचूप घर सोडले, ही कथा सर्वांना पाठ आहे. धर्मानंदांनी पाली ग्रंथ उघडून दाखवले की, ही चार दृश्यांची कथा सुत्तपिटकात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाबद्दल आहे. गौतमाला ती नंतर चिकटवली गेली. ‘अरियपरियेसन सुत्ता’त तर आईवडील रडत असताना घर सोडल्याचा उल्लेख आहे. मग गुपचूप पळून जाणे कुठले? ‘अत्तदण्ड सुत्त’ वाचून ते सांगतात की, शस्त्र हाती घेऊन एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून गौतमाला वैराग्य आले. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणाऱ्या तंट्याकडे त्यांनी बोट दाखवले.

हा फरक केवळ पंडितांच्या वादाचा नाही. सिद्धार्थ म्हातारपण आणि मरण यांना भिऊन घराबाहेर पडला असेल, तर जगण्याचे प्रयोजन एकट्याच्या सुटकेपुरते उरते. मग शेजारी उपाशी मेला तरी साधकाने डोळे मिटून बसावे! पण माणसामाणसांतील वैर मिटवण्यासाठी तो बाहेर पडला असेल, तर जीवनाचे प्रयोजन माणसाने माणसाशी कसे वागावे, यात शोधावे लागते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नेमका हाच प्रश्न ऐरणीवर आणला. चार दृश्यांची कथा त्यांनी बुद्धीला न पटणारी म्हणून नाकारली. त्यांचा सिद्धार्थ शाक्य संघाच्या सभेत रोहिणीच्या पाण्यासाठी युद्ध पुकारायला विरोध करतो, बहुमत विरोधात गेल्यावर परिव्रज्या पत्करतो. चवदार तळ्याचा संग्राम लढलेल्या महामानवाला पाण्याच्या भांडणाचा अर्थ कोणी शिकवायला हवा होता काय?

धर्मानंदांचा शेवट मात्र आम्हाला अस्वस्थ करतो. आजारांनी थकल्यावर, हे शरीर आता कोणाच्या उपयोगाचे नाही असे मानून, जैन परंपरेतील सल्लेखनेप्रमाणे त्यांनी अन्न सोडले आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला देह ठेवला. त्यांच्या निष्ठेपुढे आम्ही नतमस्तक आहोत, पण हा मार्ग आम्हाला मान्य नाही. तथागतांनी देहदंड सोडून मध्यम मार्ग धरला आणि ऐंशीव्या वर्षी, आजारी असतानाही, कुसिनाऱ्याच्या वाटेवर ते लोकांना उपदेश करीत राहिले. माणसाची किंमत त्याच्या उपयुक्ततेवर ठरत नाही. ती तशी ठरवली, तर वृद्ध आणि अपंग यांना जगण्याचा हक्क कोणत्या तोंडाने द्यायचा?

बुद्ध जयंतीच्या चित्ररथावर आजही म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसतात. आमच्या काही विहारांतून पुण्याचा हिशेब आणि पुढच्या जन्माची चिंताही ऐकू येते. कार्यकर्त्यांनी यंदा एक करावे. चित्ररथावर रोहिणी नदी दाखवावी, तिच्या दोन काठांवर शस्त्रे उगारलेली माणसे दाखवावीत आणि मध्ये उभा राहून युद्धाला नकार देणारा तरुण दाखवावा. जन्म कशासाठी, हे मग लहान मुलालाही वेगळे सांगावे लागणार नाही.